नवी मुंबईत पहिल्यांदा येताय? आधी नोड विचारा, मग सेक्टर

"सेक्टर दहाला राहतो, स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटं." असा पत्ता कुणी फोनवर दिला असेल, तर घरून निघण्याआधी त्यांना परत फोन लावा आणि विचारा, "कुठला सेक्टर दहा?" सेक्टर १० वाशीत आहे, नेरूळला आहे, ऐरोलीत आहे आणि खारघरलाही आहे. ऐरोली आणि खारघर यांच्यामध्ये लोकलने अर्ध्या तासाहून जास्त वेळ जातो. चुकीच्या सेक्टर दहामध्ये सामान घेऊन उभं राहिलेलं माणूस मी पाहिलेलं आहे.

नेरूळला आमच्याकडे गेली वीस-बावीस वर्षं गावाकडून कुणी ना कुणी येतच असतं. कुणी परीक्षेला, कुणी मुलाखतीला, कुणी खारघरच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीला, कुणी कोकण भवनात कागद घेऊन. त्या सगळ्यांना फोनवर जे सांगत आले, ते इथे सविस्तर लिहिते आहे. पहिल्यांदा येणाऱ्याचा निम्मा त्रास पत्त्यामुळे होतो, म्हणून सुरुवात तिथूनच.

पहिली पायरी: पत्ता नीट सोडवून घ्या

मुंबईवरचा भार हलका करायला १७ मार्च १९७० ला सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि ठाणे-रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर वसवायला घेतलं. ते एका मध्यावरून चहूबाजूंनी वाढलेलं नाही. माळेतल्या मण्यांसारख्या वेगवेगळ्या वसाहती आखल्या, प्रत्येकीला आपलं स्टेशन, आपला बाजार, आपल्या शाळा. या वसाहतीला इथे सगळे 'नोड' म्हणतात. आणि प्रत्येक नोडचे सेक्टर एकपासून सुरू होतात. त्यामुळे नुसता सेक्टर सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता गल्लीचं नाव सांगण्यासारखं आहे.

हे मणी एकदा ओळीने लक्षात ठेवा. ठाण्याकडून येताना दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे. तुर्भ्यापासून रूळ दोन बाजूंना फुटतात. एक बाजू सानपाडा-वाशीकडे, म्हणजे खाडीकडे जाते. दुसरी जुईनगर, नेरूळ, सीवूड्स, सीबीडी बेलापूर, खारघर, मानसरोवर, खांदेश्वर अशी पनवेलपर्यंत. यात एक-दोन अडचणीच्या जागा आहेत. मानसरोवर हे स्टेशनचं नाव, वस्तीचं नाव कामोठे. पत्त्यात कामोठे असेल तर तिकीट मानसरोवरचं काढायचं. नवीन पनवेल आणि खांदा कॉलनीसाठी खांदेश्वर. कळंबोलीला हार्बरची, म्हणजे सीएसएमटी-पनवेल मार्गाची लोकल थांबतच नाही, तिथे जायला मानसरोवर किंवा खांदेश्वरला उतरून रिक्षा किंवा बस करावी लागते.

पत्ता देणाऱ्याने नोड सांगितलाच नाही आणि फोनही लागत नसेल, तर पिनकोड बघा. ४००७०३ असेल तर वाशी-तुर्भे, ४००७०६ नेरूळ, ४००६१४ सीबीडी बेलापूर, ४००७०८ ऐरोली, ४००७०१ घणसोली, ४००७०९ कोपरखैरणे. ४१० ने सुरू होणारा पिन दिसला की समजा पनवेलच्या बाजूला जायचंय: ४१०२१० खारघर, ४१०२०९ कामोठे, ४१०२१८ कळंबोली, ४१०२०६ पनवेल. परीक्षेच्या हॉल तिकिटावर केंद्राचं नाव लांबलचक असतं आणि त्यात नोड कुठेतरी हरवून जातो. तिथे हा पिनकोड फार उपयोगी पडतो.

सेक्टरनंतर अक्षर असेल तर तेही लिहून घ्या. १५ आणि १५ए, १९ आणि १९सी हे वेगळे सेक्टर आहेत. रिक्षावाला अक्षर विचारणारच. त्याशिवाय जवळची एक ठळक खूण मागा: मैदान, पाण्याची टाकी, शाळा, देऊळ. प्लॉट नंबरावरून बिल्डिंग शोधणं नवख्या माणसाला जमत नाही, कारण शेजारी शेजारी सात-आठ सोसायट्या सारख्याच दिसतात.

काही पत्त्यांत सेक्टर नसतोच, 'घणसोली गाव', 'जुहूगाव', 'शिरवणे', 'करावे', 'दिवाळे' असं असतं. ही इथली मूळची आगरी-कोळ्यांची गावं. शहर त्यांच्या भोवती उभं राहिलं, ती जागच्या जागी राहिली. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली १९८४ मध्ये जासईला जे आंदोलन झालं, त्यात गोळीबार होऊन पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली, म्हणून इथल्या बोलण्यात 'साडेबारा टक्क्यांचा प्लॉट' हा शब्द सारखा ऐकू येईल. गावातला पत्ता असेल तर रिक्षा गावाच्या वेशीपर्यंत मिळते, आतल्या गल्ल्या अरुंद आहेत. तिथे घरमालकाचं नाव आणि आळीचं नाव विचारून ठेवा. गावातली माणसं दारापर्यंत आणून सोडतात, हा माझा दरवेळचा अनुभव आहे.

मुलाखतीला येणाऱ्यांसाठी तिसरा प्रकार, एमआयडीसीचा पत्ता. दिघ्यापासून शिरवण्यापर्यंत ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांचा आणि आयटी कंपन्यांचा पट्टा आहे. तिथे सेक्टर नसतात, प्लॉट असतात, आणि प्लॉटच्या आधीचं अक्षर महत्त्वाचं. 'आर' असेल तर रबाळे, 'ईएल' असेल तर महापे, 'डी' असेल तर तुर्भे-शिरवणे. महाप्याला स्टेशन नाही. घणसोली किंवा कोपरखैरणेला उतरून रिक्षा करायची. ऐरोलीच्या माइंडस्पेसला जायचं असेल तर ऐरोली स्टेशन.

दुसरी पायरी: नावांची गल्लत टाळा

माझे मामा निफाडहून पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हाची गोष्ट. कल्याणला उतरले, हातात द्राक्षांची पेटी, आणि फलाटावरच्या माणसाला विचारलं, "नेरूळची गाडी कुठली?" गर्दीत त्याने ऐकलं नेरळ. त्याने प्रेमाने कर्जत लोकलमध्ये बसवून दिलं. तास-दीड तासाने मामांचा फोन आला. "आलो बरं का. चांगली थंड हवा आहे तुमच्याकडे. समोर डोंगर आहे, आणि बाजूला जत्रेतल्यासारखी छोटी आगगाडी उभी आहे." छोटी आगगाडी म्हटल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. माथेरानची मिनी ट्रेन. मामा नेरळला होते. त्यांना तसंच परत ठाण्यापर्यंत यायला सांगितलं, तिथे मी घ्यायला गेले. दुपारचं जेवण संध्याकाळी पाचला झालं. तेव्हापासून मी कुणालाही नुसतं 'नेरूळ' सांगत नाही. "हार्बरचं नेरूळ, नवी मुंबईतलं" असं सांगते, आणि तसंच विचारायला लावते.

नेरूळ-नेरळसारख्या आणखी जोड्या आहेत. बेलापूर नावाचं स्टेशन श्रीरामपूरलाही आहे, दौंड-मनमाड मार्गावर. रेल्वेच्या अ‍ॅपमध्ये बेलापूर शोधलं की तेच वर येऊ शकतं. आपल्याला हवं ते 'सीबीडी बेलापूर'. खारघर, खारकोपर आणि खार रोड ही तीन वेगळी ठिकाणं: पहिलं पनवेलच्या वाटेवर, दुसरं उरणच्या वाटेवर, तिसरं वांद्र्याच्या पुढे. दिवा आणि दिघा गाव ऐकायला जवळजवळ सारखं वाटतं. दिवा ठाण्याच्या पुढे कल्याणच्या वाटेवर, दिघा ठाणे-वाशी मार्गावर. वाशी म्हटल्यावर कुणी वसई ऐकतं. धाराशिव जिल्ह्यातले लोक तर वाशी म्हटलं की स्वतःच्याच तालुक्याचं गाव समजतात. तळोजेही दोन: दिवा-पनवेल मार्गावरचं तळोजे पंचनंद स्टेशन आणि सिडकोच्या घरांचं तळोजा फेज एक-दोन. सिडकोच्या सोडतीत घर लागलं म्हणून बघायला येणाऱ्यांना जायचं असतं दुसऱ्या तळोज्याला.

तिसरी पायरी: कुठून येताय त्याप्रमाणे कुठे उतरायचं

पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून येणाऱ्यांना मी एसटीच सुचवते. एक्सप्रेसवे कळंबोलीला संपतो आणि मुंबईच्या गाड्या तिथून सायन-पनवेल महामार्गाने खारघर, बेलापूर, नेरूळ, वाशी करत पुढे जातात. म्हणजे बस तुम्हाला नोडच्या तोंडाशीच सोडते. नेरूळच्या थांब्याला सगळे 'एलपी' म्हणतात, कंडक्टर तसाच ओरडतो, तेव्हा गोंधळून जाऊ नका. बसतानाच कंडक्टरला नोड सांगून ठेवा आणि एक प्रश्न नक्की विचारा: "गाडी पुलावरून जाते की खालून?" महामार्गावर जागोजागी उड्डाणपूल आहेत. पुलावरून जाणारी गाडी खालच्या थांब्याला येत नाही, आणि पुलाच्या भलत्या टोकाला उतरलात तर सामान घेऊन रस्ता ओलांडणं धोक्याचं आहे. भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल सापडेपर्यंत चाला, पण धावत्या गाड्यांमधून महामार्ग ओलांडू नका.

एसटीत महिलांना निम्मं तिकीट आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास आहे. या सवलती लोकलमध्ये चालत नाहीत. आजी-आजोबा पुण्याहून एसटीने फुकट येतात आणि लोकललाही तिकीट लागत नाही असं समजून बसतात. तिथे विनातिकीट पकडलं तर भाड्याशिवाय किमान अडीचशे रुपये दंड होतो.

कोकणातून येणाऱ्यांनी पनवेलला उतरावं. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या तिथे थांबतात आणि त्याच स्टेशनात सीएसएमटी आणि ठाणे, दोन्ही बाजूंच्या लोकल सुटतात. ठाण्यापर्यंत जाऊन उलटं येण्याची गरज नाही. पनवेलचं एसटी स्टँड मात्र रेल्वे स्टेशनपासून लांब आहे, मध्ये रिक्षा लागते. मराठवाड्यातून नांदेड-पनवेल गाडी थेट इथे येते.

नाशिक, खानदेश, विदर्भाकडून येणाऱ्यांसाठी कल्याण किंवा ठाणे. गाडी ठाण्याला थांबत असेल तर ठाण्यालाच उतरा, एक बदल वाचतो. कल्याणला उतरलात तर तिथूनच नवी मुंबईतल्या स्टेशनचं लोकलचं तिकीट काढा आणि ठाण्याला गाडी बदला.

मुंबईतून यायचं तर सीएसएमटीच्या एक आणि दोन नंबर फलाटांवरून हार्बरच्या गाड्या सुटतात. दादरला हार्बर नाही. दादरहून कुर्ल्याला जा आणि तिथे हार्बरच्या फलाटावर पनवेलकडची गाडी पकडा. मानखुर्द सोडलं की गाडी खाडीच्या पुलावर येते. दोन्ही बाजूंना पाणी दिसलं की सामान काढायला घ्या, पुढचं स्टेशन वाशी. १९९२ पासून गाड्या या पुलावरून येतात. त्याआधी इथल्या लोकांना मुंबईला जायला बसशिवाय इलाज नव्हता.

विमानाने येणार असाल तर तिकिटावरचा कोड बघा. बीओएम म्हणजे मुंबईचं विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबईचं. नव्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमानं उडू लागली. घ्यायला येणाऱ्यालाही कोणतं विमानतळ ते स्पष्ट सांगा, दोघांमध्ये अख्खी खाडी आहे.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांना एवढंच: वाशी आणि ऐरोलीच्या नाक्यावर ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना टोल नाही. शिवडीहून येणाऱ्या अटल सेतूवर टोल आहे आणि दुचाकीला बंदी आहे.

चौथी पायरी: ठाण्याला गाडी बदलताना

ठाणे स्टेशनवर नवखा माणूस हमखास भांबावतो, म्हणून हे जरा सावकाश सांगते. नवी मुंबईच्या गाड्या पूर्वेच्या टोकाला, नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांवरून सुटतात. या मार्गाला ट्रान्स-हार्बर म्हणतात. तुम्ही कुठल्याही फलाटावर उतरलात तरी स्टेशनच्या बाहेर पडायचं नाही. पुलावर चढायचं आणि पूर्वेच्या, म्हणजे कोपरीच्या दिशेला चालत राहायचं. पुलावर गर्दीचा लोंढा उलट दिशेने येत असेल तर कडेला थांबा, मिनिटभरात ओसरतो.

फलाटावर आल्यावर इंडिकेटरवर गाडी शेवटी कुठे जाते ते वाचा. इथून तीन प्रकारच्या गाड्या सुटतात: वाशी, नेरूळ आणि पनवेल. तुर्भ्यापर्यंत तिन्ही एकाच वाटेने जातात, म्हणून ऐरोली, घणसोली, कोपरखैरणेला जाणाऱ्याने कुठलीही पकडावी. सानपाडा आणि वाशीसाठी वाशीचीच हवी, कारण पनवेलची गाडी तुर्भ्यावरून थेट जुईनगरला जाते. खारघरला जायचंय आणि चुकून वाशीच्या गाडीत बसलात तर घाबरू नका. तुर्भ्याला उतरा आणि मागून येणारी पनवेलची गाडी घ्या, तेच तिकीट चालतं. ठाण्याहून वाशी अर्धा तास, पनवेल साधारण पाऊण ते एक तास.

वेळेचा हिशेब करून निघा. सकाळी आठ ते साडेदहा ठाण्याहून नवी मुंबईकडे येणाऱ्या गाड्या ऐरोली-घणसोलीच्या नोकरदारांनी भरलेल्या असतात. संध्याकाळी तीच गर्दी उलट. मोठ्या बॅगा, लहान मुलं किंवा आजारी माणूस बरोबर असेल तर अकराच्या पुढची गाडी धरा. रविवारी दिवसा हार्बर आणि ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद, असू शकतो. परीक्षा रविवारी असेल तर शनिवारच्या पेपरात किंवा रेल्वेच्या सूचनेत बघून ठेवा, आणि जमलं तर आदल्या दिवशीच मुक्कामाला या. रविवारच्या पेपराला उशिरा पोहोचलेली मुलं गेटबाहेर रडताना बघितली आहेत. ते चित्र विसरता येत नाही.

पावसाळ्यात मोठा पाऊस झाला की कुर्ला-चुनाभट्टीच्या पट्ट्यात रुळांवर पाणी साचून सीएसएमटीकडची हार्बर बंद पडते. अशा वेळी ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल गाड्या बऱ्याचदा चालू असतात. मुंबईत अडकलात तर मुख्य मार्ग सुरू आहे का बघा आणि ठाण्यावरून फिरून या.

पाचवी पायरी: लोकलमध्ये चढण्या-उतरण्याचं

तिकीट खिडकीवर, एटीव्हीएम या तिकिटाच्या मशीनवर किंवा रेल्वेच्या रेलवन अ‍ॅपवर निघतं. मोबाईलवर काढायचं असेल तर स्टेशनच्या आवारात शिरण्याआधी काढा. मशीनजवळ बहुतेक वेळा मदतीला एक माणूस उभा असतो, त्याला स्टेशनचं नाव आणि माणसं किती ते सांगितलं की काम होतं.

डब्यांचं बघून चढा. फर्स्ट क्लासचा डबा बाहेरून दुसऱ्या डब्यासारखाच असतो आणि साधं तिकीट घेऊन त्यात चढलात तर दंड होतो. फलाटावरच्या माणसाला "सेकंड क्लास इथेच येतो ना?" एवढं विचारा. महिलांचे डबे वेगळे आहेत. कुटुंब बरोबर असेल तर घरातल्या सगळ्यांनी एकाच डब्यात चढायचं की वेगळं, आणि कुठल्या स्टेशनला उतरायचं, हे आधीच ठरवा. एक जण उतरला आणि बाकीचे आतच राहिले, असं झालं तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच थांबायचं, हेही ठरवून ठेवा.

दिव्यांगांसाठी जो छोटा डबा असतो, त्यात कॅन्सरच्या रुग्णांना आणि गरोदर बायकांना बसता येतं. खारघरच्या टाटाला येणाऱ्या किती जणांना हे माहीतच नसतं, आणि केमो घेतलेलं माणूस दारात लोंबकळत जातं. हॉस्पिटलचे कागद हाताशी ठेवा आणि हक्काने त्या डब्यात बसा.

गाडी स्टेशनात अर्धा मिनिटसुद्धा थांबत नाही. आपल्या आधीचं स्टेशन आलं की उठून दाराकडे सरका आणि शेजाऱ्याला विचारा, "नेरूळ कुठल्या बाजूला येतं?" समोरच्याला "जुईनगर की नेरूळ?" असं विचारलं की तो उतरणारा आहे की नाही ते कळतं. उतरणारा असेल तर त्याच्या मागे राहा.

सहावी पायरी: स्टेशनवरून दारापर्यंत

इथली स्टेशनं मुंबईसारखी अरुंद नाहीत. वाशी-बेलापूरला तर स्टेशनच्या डोक्यावर ऑफिसांच्या इमारती आहेत, सीवूड्सला मॉल. त्यामुळे बाहेर पडायच्या वाटा पुष्कळ आणि सगळ्या सारख्याच दिसतात. फलाटावरूनच यजमानांना फोन करा आणि पूर्वेला यायचं की पश्चिमेला ते विचारा. चुकीच्या बाजूला बाहेर पडलात तर रिक्षाला मोठा वळसा पडतो आणि मीटर तेवढा वाढतो.

रिक्षा मीटरने चालते. फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये भाडं आहे. स्टेशनबाहेर शेअर रिक्षांची रांगही असते, ठरलेल्या वाटेवर माणशी पैसे घेतात. सामान थोडं असेल तर तीच स्वस्त पडते. एमएच ४३ म्हणजे नवी मुंबईची रिक्षा, एमएच ४६ पनवेलची. इथून रिक्षाने दादर किंवा परळला जाता येत नाही, मुंबईत सायनच्या पुढे रिक्षा चालत नाहीत.

एनएमएमटीच्या, म्हणजे नवी मुंबई महापालिकेच्या बस बहुतेक स्टेशनांबाहेरून सुटतात. बसच्या पाटीवर सेक्टर नसतो, ठिकाण असतं, म्हणून वर सांगितलेली खूण इथे कामाला येते.

खारघरबद्दल माझं एक आग्रहाचं सांगणं आहे. खारघर स्टेशन खारघरच्या एका कडेला आहे आणि नोड आत लांबवर पसरलेला. तुमचा पत्ता उत्सव चौक, सेंट्रल पार्क किंवा तळोजा फेजचा असेल तर खारघरला न उतरता एक स्टेशन आधी बेलापूरला उतरा आणि मेट्रो घ्या. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी ११ स्थानकांची मेट्रो चालते. एसी आहे, रिकामी असते, सामानासकट बसायला जागा मिळते. टाटाच्या हॉस्पिटलसाठी मात्र मी खारघर स्टेशनवरून थेट रिक्षाच करायला सांगते. रिक्षावाल्याला 'टाटा हॉस्पिटल, सेक्टर बावीस' म्हणा. सकाळच्या नोंदणीला जायचं असेल तर आदल्या रात्री खारघरमध्येच मुक्काम करा, आजारी माणसाला पहाटेच्या गाडीने आणू नका.

सरकारी कामाला येणाऱ्यांनी बेलापूरला कुठल्या इमारतीत जायचंय ते कागदावर बघून घ्यावं. कोकण भवन, सिडको भवन आणि महापालिकेचं मुख्यालय ही तीन वेगळी ठिकाणं आहेत. पहिली दोन स्टेशनपासून जवळ. महापालिकेची मोठी घुमटाची इमारत लांब, पामबीच रस्त्याच्या टोकाला. आणि घर खारघर, कामोठे, कळंबोलीचं असेल तर बेलापूरच्या महापालिकेत तुमचं काम होणारच नाही. ते सगळं २०१६ साली झालेल्या पनवेल महापालिकेत येतं, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे जिल्ह्याचा.

'वाशी मार्केट' म्हणतात ते एपीएमसीचं, म्हणजे कृषी उत्पन्न बाजार समितीचं मार्केट प्रत्यक्षात तुर्भ्याच्या हद्दीत आहे. भाजी, फळं, कांदा-बटाटा, मसाला आणि धान्य अशी पाच वेगळी मार्केटं, प्रत्येकाचं गेट वेगळं. मालाच्या गाडीबरोबर आलेल्याला परत जाताना रिक्षावाल्याला गेटचं नाव सांगावं लागतं, नाहीतर शोधाशोधीतच अर्धा तास जातो.

परतीची तयारी

रात्री साधारण एक ते पहाटे चार लोकल नसते. रात्रीच्या एसटीने येणारे काही जण पहाटे तीनला महामार्गावर उतरतात आणि अंधारात उभे राहतात. शक्य असेल तर पाचच्या पुढे पोहोचणारी गाडी निवडा. नाहीतर उतरायच्या अर्धा तास आधी यजमानांना उठवा. संकोच करू नका, आम्हाला उठायचा त्रास होत नाही, तुम्ही रस्त्यावर उभे आहात हे कळल्यावर होतो.

पुण्या-कोल्हापूरकडे परत जाताना गाडी तुम्ही उतरलात त्याच्या समोरच्या बाजूला, पनवेलकडे तोंड करून थांबते. शुक्रवार-शनिवारी संध्याकाळी आणि सणांच्या आधी वाशीपर्यंत येतानाच गाड्या भरलेल्या असतात. तेव्हा एसटीचं आरक्षण करूनच निघा आणि आरक्षण करताना चढण्याचा थांबा आपल्या नोडचा निवडा. थांब्यावर अर्धा तास आधी जा. बस दिसली की हात करा, कंडक्टरने दार उघडलं की आधी गावाचं नाव सांगा, मग बॅग वर चढवा.